भिंतीवर जागा कोणाला?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिलेला आहे, ‘रस्त्यावरची कला आणि समाज’. विषय फार मोठा आहे. लेण्यांतल्या चित्रापासून निवडणुकीच्या भिंतीपर्यंत सगळं त्यात बसवता येईल. पण सगळं बसवायला गेलं की हाताला काहीच लागत नाही, म्हणून आम्ही एकाच भिंतीबद्दल बोलणार आहोत. ही भिंत अमेरिकेत, शिकागो शहरात होती. १९६७ साली ती रंगली आणि १९७१ साली पडली. जेमतेम चार वर्षांचं आयुष्य. तरीही तिची आठवण आज, आपल्या या विहारात काढायची, याला कारण आहे. ते शेवटी सांगू.

शिकागो म्हटलं की आपल्याला अनागारिक धर्मपाल आठवतात. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत त्यांनी तथागतांचा धम्म जगापुढे मांडला. ज्या इमारतीत ती परिषद भरली, तीच पुढे त्या शहराचं मोठं कलासंग्रहालय झाली. आम्ही सांगतोय ती भिंत मात्र संग्रहालयात नव्हती. तिथून काही मैल दक्षिणेला, जिथे काळ्या लोकांची दाट वस्ती होती, तिथे ४३ वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर एक जुनाट दुमजली इमारत उभी होती. खाली दारूचा बार. इमारत मोडकळीला आलेली, आज पाडतात की उद्या अशी. त्या इमारतीची बाजूची भिंत, साधारण साठ फूट लांब आणि वीस फूट उंच.

ही वस्ती कशी वसली ते आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामी कायद्याने संपली होती, पण जाच संपला नव्हता. तिथून लाखो कृष्णवर्णीय माणसं गाठोडी बांधून उत्तरेच्या शहरांत आली. कोणी पोलादाच्या कारखान्यात लागलं, कोणी कत्तलखान्यात. कोकणातून, साताऱ्याकडून, मराठवाड्यातून आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आली, तसंच. आणि आल्यावर घर कुठे मिळालं? जिथे इतर कोणी राहायला तयार नव्हतं तिथे. १९६६ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग खास या घरांच्या प्रश्नासाठी शिकागोला येऊन राहिले. गोऱ्यांच्या एका वस्तीतून मोर्चा नेताना त्यांच्या डोक्यात दगड बसला. ही ऑगस्ट १९६६ ची गोष्ट. भिंत रंगली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

काळे चित्रकार त्या शहरात होते, शिकलेले होते, हातात कसब होतं. पण मोठ्या गॅलऱ्यांची आणि संग्रहालयांची दारं त्यांच्यासाठी जवळजवळ बंद होती. आणि समजा उघडली असती, तरी त्यांच्या वस्तीतला कारखान्याचा कामगार, मोलकरीण, शाळेतलं पोर तिथे कधी जाणार होतं? तिकीट काढून, ठेवणीतले कपडे घालून चित्र बघायला जाणं ही आपल्याकडेही सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही. तेव्हा या मंडळींनी एक संघटना केली, तिच्या आद्याक्षरांवरून तिला ओबासी म्हणत. त्यात लेखक होते, विचारवंत होते आणि चित्रकारांचा एक गट होता. काय करावं याची चर्चा चालली असताना विल्यम वॉकर नावाच्या चित्रकाराने ही भिंत सुचवली. भित्तिचित्रांचा त्यांना अनुभव होता आणि या रस्त्यावरची माणसं त्यांच्या ओळखीची होती. लोकांनी चित्राकडे जायच्याऐवजी चित्रानेच लोकांकडे यायचं, एवढा साधा विचार. भिंतीला नाव दिलं ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे आदराची भिंत. आम्ही तिला सन्मानाची भिंत म्हणू.

आता मुद्द्याची गोष्ट. भिंत ठरली, रंग आणले, पण काढायचं कोणाला? ब्रश हातात घेण्याआधी त्यांनी हा प्रश्न सोडवला. कोणाच्या ओळखीचा कोण, वर्गणी कोणी जास्त दिली, असा हिशोब त्यांनी केला नाही. तीन कसोट्या ठरवल्या. पहिली, त्या माणसाच्या जगण्यातून आणि कामातून आपल्या लोकांचं सौंदर्य, आपली प्रतिभा खरेपणाने दिसली पाहिजे. दुसरी, स्वतः वर गेल्यावर मागे राहिलेल्या भाऊ-बहिणींना तो विसरलेला नसावा. तिसरी, त्याचं काम इतकं त्याचं स्वतःचं असावं की त्याची नक्कल होऊ नये आणि त्याच्या जागी दुसरा बसू नये. बंधूंनो, दुसरी कसोटी पुन्हा एकदा ऐका. मागे राहिलेल्यांना विसरलेला नसावा. ही कसोटी लावून आपल्या चौकातले बोर्ड एकदा वाचून बघा. किती चेहरे उरतील, आम्ही काही बोलत नाही.

या कसोट्यांतून पन्नासच्या वर माणसं निवडली गेली. सिल्व्हिया अबरनाथी या तरुणीने भिंतीची आखणी केली, विभाग पाडले, कुठे कोणता रंग हे ठरवलं. संगीत, जाझ, नाटक, खेळ, साहित्य, धर्म आणि राजकारणातले पुढारी. एकेक विभाग एकेका चित्रकाराकडे दिला. काही ठिकाणी रंगवलेल्या चित्रांच्या जोडीला मोठे फोटो बसवले. खेळांच्या विभागात मुहम्मद अली होता, ज्याने त्याच वर्षी व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात जायला नकार दिला आणि ज्याचं विश्वविजेतेपद काढून घेतलं गेलं. सरकारने ज्याला खाली उतरवलं त्याला वस्तीने भिंतीवर चढवलं! गायिका अरेथा फ्रँकलिन होत्या, नीना सिमोन होत्या. माल्कम एक्स होते. ज्यांच्या कविता त्याच शहराच्या वस्तीत जन्मल्या त्या ग्वेन्डोलिन ब्रुक्स होत्या, आणि भिंतीच्या समर्पणासाठी त्यांनीच कविता लिहिली.

साहित्याच्या विभागात आणखी एक चेहरा होता. डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. हे नाव आपण नीट लक्षात ठेवलं पाहिजे. १९४६ च्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. भारतातले अस्पृश्यही तसं पाऊल उचलण्याचा विचार करत होते, म्हणून त्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली. ड्यू बॉइस यांनी महिनाअखेरीला उत्तर दिलं, आपल्याला बाबासाहेबांचं नाव ठाऊक आहे आणि अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल सहानुभूती आहे असं कळवलं. ही पत्रं अमेरिकेतल्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. म्हणजे ज्यांच्याशी बाबासाहेबांचा पत्रव्यवहार झाला तो माणूस या भिंतीवर होता. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्या पँथरचे चित्रकार एमरी डग्लस यांची पोस्टर्स तिथल्या गल्लीबोळांत भिंतींना डकवली जात. तेव्हा या भिंतीशी आपलं नातं काही ओढूनताणून जोडलेलं नाही.

आणि एक चेहरा भिंतीवर नव्हता. डॉ. किंग यांचा. आदल्या वर्षी त्याच शहरात ज्यांनी दगड खाल्ला, नोबेल पारितोषिक ज्यांना मिळालेलं होतं, त्यांना जागा नाही! त्या काळी तरुण मंडळी त्यांच्या अहिंसेच्या मार्गावर नाराज होती. निर्णय बरोबर की चूक? आम्हाला विचाराल तर चूक. त्यांच्याच दुसऱ्या कसोटीला किंग यांच्याइतकं कोण उतरलं असतं? पण हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता, बाहेरून कोणी लादला नव्हता, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

काम सुरू झाल्यावर गंमत बघा. चित्रकार शिडीवर चढले की खाली माणसं जमायची. कारखान्यातून येणारे थांबायचे, बारमधून उठलेले थांबायचे, पोरं तर हलायचीच नाहीत. “याचं नाक असं नाही”, “ह्याला कशाला घेतला, अमक्याला घ्या”. सूचनाच सूचना. आपल्याकडे जयंतीचा देखावा उभा राहतो तेव्हा जसे शंभर इंजिनिअर जमतात, अगदी तसं. पण या टोकण्यातूनच ती भिंत वस्तीची झाली. त्या भागात तरुण पोरांच्या टोळ्या होत्या, मारामाऱ्या होत्या. तरी भिंतीला कोणी काळं फासलं नाही. तिच्यासमोर वादक येऊन वाजवत, कवी कविता म्हणत, सभा होत. चित्रकारांनी आपसात ठरवलं होतं की खाली कोणी सही करायची नाही. काम सगळ्यांचं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. धर्माच्या विभागात वॉकर यांनी आधी एलिजा मुहम्मद यांना घेतलं होतं. ते ज्या संघटनेचे प्रमुख, तिच्यातून माल्कम एक्स फुटून बाहेर पडले होते. एकाच भिंतीवर माल्कम आणि आमचे गुरू? चालणार नाही, अशी हरकत आली. वॉकर यांनी ते चित्र पुसलं आणि त्या जागी नॅट टर्नर काढला, १८३१ साली गुलामांचं बंड करणारा. आपल्याकडे एका पक्षाचे दोन गट एका मंचावर बसवताना कार्यकर्त्यांची जी धांदल उडते, ती डोळ्यांसमोर आणा म्हणजे वॉकर यांची अवस्था कळेल.

दुसरा प्रसंग जास्त कडू. पुढाऱ्यांचा विभाग नॉर्मन पॅरिश या चित्रकाराने काढला होता. काही आठवड्यांतच तो विभाग पॅरिश यांना न विचारता पांढऱ्या रंगाने पुसला गेला आणि दुसऱ्या चित्रकाराने नव्याने काढला. नवं चित्र अधिक जहाल होतं, उंचावलेल्या मुठीचं. यावरून गटात फूट पडली. एक बाजू म्हणाली, भिंत वस्तीची आहे, काळ बदलला तशी ती बदलणार. दुसरी म्हणाली, सोबत्याचं काम त्याच्या पाठीमागे पुसायचं ही कुठली समता? दोन्ही बाजूंना काही ना काही खरं आहे. पण आमचं मत स्पष्ट आहे. चित्र बदलायला हरकत नाही, माणसाला न विचारता बदलायला हरकत आहे. संघटना मोडतात त्या मोठ्या तत्त्वांवरून कमी, अशा न विचारण्यावरून जास्त.

फुटलेले सगळे घरी बसले नाहीत, हे मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. जेफ डोनाल्डसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६८ साली नवा गट काढला आणि चित्रांच्या स्वस्त छापील प्रती करायला घेतल्या, कामगाराला घरात लावता येतील अशा. वॉकर आणि इतरांनी त्याच साली डेट्रॉइट शहरात दुसरी भिंत रंगवली. १९६९ साली पहिल्या भिंतीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, आणखी एक भिंत झाली. नगरपालिकेला ती सगळी जागाच मोकळी करायची होती. वस्तीने विरोध केला, म्हणून काही काळ इमारत टिकली. १९७१ साली तिला आग लागली आणि नंतर ती पाडली. तोपर्यंत अमेरिकेतल्या शहराशहरांत अशा भिंती उभ्या राहू लागल्या होत्या. जाणकार या चळवळीची सुरुवात ४३ व्या रस्त्यापासून धरतात.

आता आपल्याकडे वळू. रस्त्यावरची कला आपल्याला शिकागोने शिकवलेली नाही. कार्ले, जुन्नर, कान्हेरीची लेणी व्यापारी मार्गांच्या आसपास कोरली गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने, बैल सोडून विसावलेल्या वाटसरूने बघावं म्हणून ते दगड बोलके केले. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांचं नाव कोरलेलं आहे. कार्ल्याच्या दर्शनी भागावर एका सुताराचं नाव आहे आणि सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या व्यापाऱ्याचंही. कोणी म्हणेल, बघा, दानशूरांची नावं तेव्हाही लावत होते! लावत होते. पण नाव लहान अक्षरांत, एका बाजूला, सुताराचं आणि व्यापाऱ्याचं सारखंच. चैत्यात मध्यभागी स्तूप आहे. दाता नाही.

अलीकडच्या काळात आपले खरे रस्त्यावरचे चित्रकार म्हणजे वस्तीतले पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकचे नंबर रंगवून पोट भरायचे आणि एप्रिल आला की रात्र-रात्र जागून बाबासाहेबांचं चित्र काढायचे. फोटोवर चौकटी पाडायच्या, भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. कोट निळा, टाय लाल. चष्म्यामागची नजर जमेपर्यंत शिडीवरून उतरायचं नाही. कला महाविद्यालयाचं तोंड न पाहिलेली माणसं. त्यांच्या चित्राखाली कित्येक पोरांनी पहिली अक्षरं गिरवली, आणि कित्येक आया कामावर जाताना क्षणभर थांबून हात जोडून पुढे गेल्या.

कलाकाराने समाजात उतरायचं म्हणजे काय, याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. कोल्हापूरचे माधवराव बागल हे शिकलेले चित्रकार. त्यांच्या पुढाकाराने १९५० च्या डिसेंबरात बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले. बाबासाहेब हयात असताना! राजवाड्याच्या आवारात नाही, भर चौकात. भाजी घेऊन जाणाऱ्या माणसाच्या वाटेवर.

रस्त्यावरची प्रतिमा ही आपल्यासाठी शोभेची वस्तू नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. त्यांना अभिवादन केल्याशिवाय या विषयावर बोलता येत नाही. त्यानंतर किती तरी ठिकाणी पुतळ्यांभोवती लोखंडी जाळ्या आल्या. जाळीला कारण आहे, आम्ही तिला नावं ठेवत नाही. पण जाळीच्या आड उभे असलेले बाबासाहेब बघताना पोटात कालवतं. शिकागोच्या त्या भिंतीला जाळी नव्हती. समोरच्या ओट्यावर बसणारी माणसं हीच तिची जाळी.

आणि आता फ्लेक्स. पेंटरचं काम फ्लेक्सने गेलं हे खरं, तंत्र बदलतं त्याला इलाज नाही. आमची तक्रार वेगळी आहे. पेंटरला चेहरा काढायला आठ दिवस लागत, म्हणून कोणाचा काढायचा याचा विचार व्हायचा. फ्लेक्सवर एका रात्रीत चाळीस चेहरे छापून येतात. मधोमध वाढदिवसाचे भाऊ, खाली शुभेच्छुकांच्या रांगा, आणि कोपऱ्यात बोटभर बुद्ध, बोटभर बाबासाहेब. पावसाळ्यात तोच फ्लेक्स कोणाच्या तरी छपरावर अंथरलेला असतो. त्यातल्या त्यात तेवढाच उपयोग!

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते कारण. आपल्या विहाराची रस्त्याकडची भिंत बावीस फूट लांब आणि नऊ फूट उंच आहे. पोपडे आलेत, समितीला ती रंगवून घ्यायची आहे. एका हितचिंतकांनी सगळा खर्च द्यायची तयारी दाखवली आहे, अट एकच, कोपऱ्यात त्यांची तसबीर आणि नाव. समितीत दोन मतं आहेत. पैसे नाहीत हे आम्हालाही माहीत आहे. तरी आमचं म्हणणं, नम्रपणे नको म्हणावं. घरटी पन्नास-शंभर रुपये जमवू, उरलेलं अंगमेहनतीने भागवू.

बुद्ध, फुले, शाहू, बाबासाहेब, सावित्रीमाई, रमाई यांच्याबद्दल वाद नाही. उरलेल्या जागेत कोण? १८५५ साली चौदा वर्षांच्या वयात आपल्या जातीचं दुःख निबंधात मांडणारी मुक्ता साळवे, तिचं चित्र कुठल्या भिंतीवर आहे? नागपूरला हमाली करता करता शिकून मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी? नाशिकच्या शांताबाई दाणी? आणि याच वस्तीतली ती माणसं, ज्यांनी डोक्यावर विटा वाहून हा विहार उभा केला? त्यांच्यापैकी कोणाला घ्यायचं, हे आम्ही व्यासपीठावरून सांगणार नाही.

येत्या रविवारी सकाळच्या वंदनेनंतर याच सभागृहात बसायचं आहे. प्रत्येक घरातून एक नाव चिठ्ठीवर आणा, आणि ते का, हे दोन ओळींत लिहा. लिहिता येत नसेल त्यांनी बोलून सांगा, मुलं लिहून घेतील. शिकागोच्या तीन कसोट्या फळ्यावर लिहून ठेवू, त्यात भर घालायची असेल तर घालू. वाद झाला तरी चालेल, दुपारपर्यंत वेळ आहे, महिला मंडळ चहा देणार आहे. वस्तीतल्या दोन जुन्या पेंटरांनी शिडीवर चढायचं कबूल केलंय, पोरांनी चौकटी आखायला मदत करायची. पाऊस लागायच्या आत पोपडे काढून प्राइमरचा हात झाला पाहिजे, म्हणून खरवडणी सोमवारपासून. ज्यांच्याकडे पत्र्याच्या पट्ट्या, जुने ब्रश, शिडी असेल त्यांनी रविवारीच आणून ठेवावं.

नमो बुद्धाय, जयभीम.